एक नंबरची खूण

४ मे, शनिवार

ठकीची दुर्बीण आज घरी आली. तीन खोकी. एकात नळी, एकात तिपाई, तिसऱ्यात वायरी, भिंगं आणि एक रिमोट. ठकीबरोबर शाळाशाळांतून व्हॅन घेऊन फिरणारी तिची जोडीदारीण सहाशे किलोमीटर गाडी चालवत स्वतः घेऊन आली. मी तिला मनातल्या मनात व्हॅनवाली म्हणतो. ती हिच्या, म्हणजे बायकोच्या, गळ्यात पडून रडली आणि माझ्याशी मात्र साहेबांशी बोलावं तशी दोन हात लांबून बोलली.

तिचं म्हणणं असं, की शाळांसाठी व्हॅनची मोठी दुर्बीण वेगळी आहे, ही ठकीची स्वतःची. म्हणून आधी आईवडिलांकडे. नको असेल तर ती महिनाअखेरीला परत येईल आणि एखाद्या शाळेला देईल. मी म्हणालो, तपासल्याशिवाय मी कुठलीही वस्तू पुढे जाऊ देत नाही. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. भल्याभल्या दुकानदारांचे काटे पकडले आहेत, हा रिमोट काय चीज आहे.

खरं कारण वहीत लिहायला हरकत नाही. चार वर्षांपूर्वी ठकीने बँकेतली पक्की नोकरी सोडून पोरांना तारे दाखवत फिरायचं ठरवलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "नोकरी सोडलीस तर या घराची पायरी चढायची नाही." ती माझीच मुलगी. चढली नाही. २ फेब्रुवारीला एका शाळेत शिकवता शिकवता तिच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली आणि दोन तासांत सगळं संपलं. तिने ज्याच्यापायी घर सोडलं ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. एवढंच.

५ मे, रविवार

दिवसभर पुस्तिका वाचली. संध्याकाळी सगळं गच्चीत नेऊन जोडलं. गुडघे बोलायला लागले.

रिमोट जुन्या फोनच्या रिसीव्हरएवढा आहे, वर दोन ओळींचा लाल पडदा आणि खाली बटणं. कळ दाबली की तो आधी तारीख, वेळ आणि ठिकाण विचारतो, कारण आपण कुठे आणि कधी उभे आहोत हे कळल्याशिवाय त्याला आकाश कळत नाही. मग दोन ओळखीचे तारे दाखवून द्यायचे. त्यानंतर ज्याचं नाव निवडाल तिकडे नळी आपली आपण वळते.

गंमत म्हणजे शेवटचं जे काही भरलेलं असेल ते तो लक्षात ठेवतो. आज चालू केल्याबरोबर ठकीची तारीख पडद्यावर आली. १२, ०९ आणि गेलं साल. म्हणजे १२ सप्टेंबर. त्यानंतर पोरीने दुर्बिणीला हात लावलेला नाही. ज्याच्यासाठी घर सोडलं त्याचाही कंटाळाच आला म्हणायचा. हे लिहू नये, पण जरा बरं वाटलं. हिला सांगितलं तर ही माझ्याकडे बघत राहिली आणि "असेल" म्हणून भाजी निवडायला लागली. कपाटातून मागच्या वर्षीची वही काढून १२ सप्टेंबरला आमच्याकडे काय चाललं होतं ते बघितलं. पंखेवाला येतो म्हणून आला नव्हता.

तारखेवर आजची तारीख चढवली तेव्हा तिची पुसली गेली. हे मागाहून लक्षात आलं. ठिकाणाचं तसं होऊ दिलं नाही. तिथे अक्षांश-रेखांशाचे नुसते आकडे आहेत. ते तिच्या शहराचे असणार. यंत्र चुकलं तर चुकू दे, पण ती शेवटची जिथे उभी होती ते मी पुसणार नाही. आकडे वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवले.

साडेआठ. खिडकीचा पडदा ओढतो.

६ मे, सोमवार

फजिती. आजची तारीख भरली, ०६ ०५. पहिला तारा म्हणून आर्क्टुरस निवडला. घरघर करत नळी निघाली आणि पार डोक्यावर जाऊन थांबली. आर्क्टुरस म्हणजे कोण, हेच मला ठाऊक नाही. ही वाळलेले कपडे काढायला वर आली होती. म्हणाली, "स्वाती ती. तो नारंगी, पूर्वेकडचा." पुढे म्हणाली, "तिपाईवरचा बुडबुडा आधी मध्ये आणा. वाकडी उभी आहे."

बघितलं तर खरंच वाकडी होती. काट्याचा बुडबुडा मध्ये आहे की नाही हे चौतीस वर्षं लोकांना मी सांगत आलो. हिला कसं कळलं विचारलं तर म्हणाली, पुस्तिकेत असेल. पुस्तिका इंग्रजीत आहे आणि दिवसभर माझ्याच उशाशी होती. पण ही वाचनालयातून काय काय वाचून येते, त्यात कुठेतरी आलं असेल. आता फेब्रुवारीपासून मात्र वाचनालयात गेलेली नाही. मन लागत नसेल.

९ मे, गुरुवार

तीन दिवस तेच. स्वाती म्हणावं तर नळी भलतीकडे, चित्रा म्हणावं तर त्याहून भलतीकडे. ठिकाण चुकीचं आहे म्हणून असं होतंय हे मला कळतं. एक बटण दाबून आपलं ठिकाण भरलं की मिटलं. दोनदा बोट तिथवर नेलं आणि मागे घेतलं.

ही म्हणाली, "ठिकाणाला हात लावू नका." मला वाटलं, हिच्याही मनात तेच आहे. बऱ्याच दिवसांनी आमचं एका गोष्टीवर एकमत झालं.

१३ मे, सोमवार

सापडलं. आज १३ ०५ भरल्यावर रिमोटने सरळ नाकारलं. तेरावा महिना नसतो, असं त्याचं म्हणणं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा शहाणा महिना आधी मागतो आणि दिवस नंतर! मी सहा मेला त्याला पाच जून सांगत होतो आणि तो बिचारा इमानेइतबारे पाच जूनचं आकाश दाखवत होता. चौतीस वर्षांत काटा खरा आणि माल मोजणारा चुकीचा असं फार वेळा झालं नव्हतं. आज झालं.

०५ १३ भरलं. स्वाती म्हटलं, नळी वळली, आणि स्वाती दुर्बिणीवरच्या बारक्या शोधनळीत जवळजवळ मधोमध. नंतर चित्रा. मग पुस्तिकेने सुचवलेला सप्तर्षींमधला वसिष्ठ. डोळ्यांना एकच ठिपका दिसतो, भिंगातून बघितलं तर त्याचे सरळ दोन तारे. शेजारी शेजारी, स्वच्छ.

"अगं, दोन आहेत," मी हिला म्हणालो. ही म्हणाली, हो. डोळा न लावताच म्हणाली. मी पुन्हा बघितलं. मग मला रडू आलं आणि भिंग ओलं झालं. ठकी सातआठ वर्षांची असताना एकदा मला गच्चीत ओढत होती, बाबा चला ना, एक गंमत दाखवते. मी हिशेबतपासणीच्या कागदांत होतो. उद्या म्हणालो होतो. तो उद्या मी काही आणला नाही.

१७ मे, शुक्रवार

चंद्र बघितला. त्यावर लिहिण्यासारखं खूप आहे पण शब्द सुचत नाहीत. खड्ड्यांच्या कडांची सावली दिसते. माझ्यासारखा माणूस अर्धा तास भिंगाला चिकटून राहिला, म्हणजे वर्गातल्या पोरांचं काय होत असेल.

आज रिमोटच्या यादीत ठकीने स्वतः साठवलेल्या खुणा सापडल्या. पुस्तिकेप्रमाणे आकाशातल्या किंवा जमिनीवरच्या जागा अशा साठवता येतात. आकाशाची यादी रिकामी होती. जमिनीच्या यादीत एकच, एक नंबर. दाबला. नळी आकाशातून खाली आली, आडवी झाली, आणखी थोडी वाकली आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर थांबली. प्लास्टर उडालेली भिंत. तिच्या शहरात त्या दिशेला काहीतरी असेल, एखादं देऊळ नाहीतर एखादा मनोरा. इथे त्याचा काय उपयोग.

ही जिन्यात उभी होती. पुटपुटली, "ते इथून नाही दिसायचं." काय नाही दिसायचं, मी विचारलं. म्हणाली, "चंद्र. ढग येताहेत ना." आकाश निरभ्र होतं. हिची नजर तपासून घ्यायला हवी.

१९ मे, रविवार

दोन दिवस एक गोष्ट छळते आहे. यंत्रात ठिकाण ठकीच्या शहराचं आहे. सहाशे किलोमीटर म्हणजे पाचेक अंश. पहिला तारा तेवढा तरी चुकायलाच हवा, शोधनळीच्या बाहेर पडायला हवा. तो रोज मधोमध येतो. चुकीचं वजन टाकून काटा बरोबर उत्तर देतो आहे. असा काटा मी कधी सोडला नाही, जप्त केला. हिला सांगितलं तर म्हणाली, बरोबर येतंय ना, मग कशाला खोलात जाता. खोलात जायची मला सवय आहे, हे लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर हिला सांगायला नको.

व्हॅनवालीला फोन करीन म्हणतो.

२१ मे, मंगळवार

दुपारी फोन केला. शंका सांगितली. ती म्हणाली, काका, आकडे वाचून दाखवा. मागच्या पानावरून वाचले. ती फोनवर नकाशा उघडून बघत असावी.

मग म्हणाली, "काका, हे आमच्याकडचं नाही. हे तुमच्याकडचं आहे. नकाशावर पाण्याची टाकी दिसतेय, टेकडीवर."

मी म्हणालो, तुमची काहीतरी चूक होते आहे. तिने आकडे पुन्हा वाचायला लावले. पुन्हा टाकीच. मग तिने सांगितलं, तुमच्या बाजूच्या शाळांचं काम असलं, की ठकी एक संध्याकाळ व्हॅन मागून घ्यायची आणि ही दुर्बीण बरोबर न्यायची. कुठे जाते हे तिने कधी सांगितलं नाही, व्हॅनवालीनेही विचारलं नाही.

टाकीची टेकडी माझ्या लिहायच्या टेबलाशेजारच्या खिडकीतून दिसते. आत्ताही दिसते आहे.

२१ मे, त्याच दिवशी, नंतर

महिना आधी, दिवस नंतर. मला हे तेरा तारखेलाच कळलं होतं. स्वतःच्या तारखेला लावलं आणि तिच्या तारखेला लावायचं सुचलं नाही. १२ ०९ म्हणजे बारा सप्टेंबर नव्हे. नऊ डिसेंबर.

मागच्या वर्षीची वही काढली. त्या दिवसाचं सगळं जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे मला पुन्हा ती वही उघडायला नको.

"९ डिसेंबर, शनिवार. ही वाचनालयात. बरोबर डबा घेतला. वाचनालयात डबा कशाला, विचारायचं राहिलं. संध्याकाळी लिहायला बसलो तर टाकीच्या टेकडीवर लाल दिवा हलताना दिसला. मागेही दोनदा दिसला होता. टाकीशी कोणाचं काय काम? उठून खिडकीत उभा राहिलो, डोळ्यांत तेल घालून बघितलं. दोघं असावीत. टाकीच्या पहारेकऱ्याला फोन केला. दहा मिनिटांत हाकलून लावलं त्याने. कोणीतरी लक्ष ठेवायलाच हवं."

दुर्बिणीच्या खोक्यात एक लाल टॉर्च आहे. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून लाल वापरतात, असं पुस्तिकेत आहे. मी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं.

२२ मे, बुधवार

सकाळी वही हिच्यापुढे ठेवली. हिने वाचली, मिटली आणि गॅस बंद केला.

चार वर्षं हिने ताकास तूर लागू दिली नव्हती. ठकी दोनतीन महिन्यांनी यायची. ही वाचनालयाचं नाव सांगून डबा घेऊन टेकडीवर जायची. दोघी टाकीच्या ओट्यावर बसून जेवायच्या, मग ठकी हिला तारे दाखवायची. स्वाती, चित्रा, वसिष्ठ हे सगळं हिला तिनेच शिकवलं. आणि बुडबुडाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ही म्हणाली, "तुम्ही तेही बंद केलं असतं." केलं असतं.

घरी का नाही आली, तेही विचारलं. हिने दर वेळी विनवलं होतं. ठकी म्हणायची, बाबांनी नको म्हटलंय, बाबांनीच ये म्हणायला हवं. एक फोन केला असता तर आली असती. टेकडी उतरायला सव्वादोनशे पावलं आणि चढायला तेवढीच. टेकडीचा रस्ता मी आज मोजला.

"पहारेकऱ्याला फोन मी केला, हे तिला कळलं?"

"त्यानेच सांगितलं. समोरच्या इमारतीतल्या साहेबांची तक्रार आहे म्हणून."

"मग?"

"हसली," ही म्हणाली. "म्हणाली, बाबा अजून तक्रारी करताहेत म्हणजे तब्येत ठणठणीत आहे."

मग ही रडली. फेब्रुवारीत रडली त्याहून जास्त रडली, कारण तेव्हा अर्धं दडवून रडत होती. मी पाठीवर हात ठेवला. तो तिथे ठेवायचा मला हक्क आहे की नाही, कळत नव्हतं.

२३ मे, गुरुवार

पाच वाजता दोघं टेकडीवर गेलो. नळी मी घेतली, तिपाई हिने. पहारेकऱ्याने मला ओळखलं. साहेब, आज तुम्ही स्वतःच, असं म्हणून बाजूला झाला. त्याच्याकडे बघवलं नाही.

ओट्याच्या सिमेंटवर पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके आहेत. ठकीने तिपाईच्या पायांसाठी रंगवलेले. दर वेळी तिन्ही पाय तिथेच. माप घेण्याची ही पद्धत माझी. लहानपणी तिने मला काट्याच्या पायांखाली खडूने खुणा करताना बघितलं होतं. मी कधी शिकवलं नव्हतं.

तिपाई ठिपक्यांवर ठेवली. बुडबुडा मध्ये आणला. स्वाती दिसेपर्यंत थांबलो, मग चित्रा. रिमोटने सगळं मान्य केलं. ठिकाण बदलायला लागलं नाही, आम्ही ठिकाणावरच होतो. मग मी जमिनीची यादी काढली. "दाबू?" हिला विचारलं. ही म्हणाली, तुमच्यासाठीच आहे तो.

एक नंबर दाबला. नळी घरघरत खाली आली आणि थांबली. मी डोळा लावला. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. उजेडाचा एक चौकोन, त्यात वरून लोंबकळणारी एक खुर्ची. खुर्चीवर ठिगळ लावलेली निळी गादी. ती गादी हिने शिवलेली आहे. शेजारी दिवा, टेबल, टेबलावर ही वही. निघताना हिने दिवा मुद्दाम चालू ठेवला होता.

आकाशाची यादी रिकामी आणि साठवायची म्हणून पोरीने एकच जागा साठवलेली.

ही सांगत होती, मी भिंगाला डोळा लावून ऐकत होतो. आधी जेवण, मग आईला तारे, आणि शेवटी आठच्या सुमाराला एक नंबर. ठकी म्हणायची, साडेआठला पडदा ओढतील, तेवढ्यात बघून घेते. मी लिहीत असायचो, म्हणून तिला नेहमी माझी एकच बाजू दिसायची, कान आणि चष्म्याची काडी. केस पिकले, म्हणायची. बाबांनी चष्मा बदलला, म्हणायची. त्या नऊ डिसेंबरला मी उठलो आणि खिडकीत उभा राहिलो.

"तिने माझा हात धरला," ही म्हणाली. "म्हणाली, आई, बाबा सरळ माझ्याकडे बघताहेत."

माझ्या हातात तेव्हा फोन होता. तो तिला दिसला असणार. क्षणभर तिला वाटलं असेल, की बाबा आपल्यालाच लावताहेत. हे हिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

जाताना फेब्रुवारीत येते म्हणाली होती.

३१ मे, शुक्रवार

व्हॅनवाली येऊन दुर्बीण घेऊन गेली. मी सगळं तपासून, पुसून, खोक्यांत भरून ठेवलं होतं. तारीख आधी महिन्याने भरायची, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून झाकणाच्या आत चिकटवलं. नवीन गावी गेल्यावर ठिकाण बदलावं लागेल, असं ती चाचरत म्हणाली. मी म्हणालो, खुशाल बदला. ठिकाण मला पाठ आहे. फक्त जमिनीच्या यादीतला एक नंबर पुसू नका. तो कशाचा आहे हे पोरांनी विचारलं तर सांगा, एका माणसाच्या खिडकीचा.

ती मला काका म्हणून बिलगली. मी तिला म्हणालो, या बाजूला काम निघालं तर घरी ये. हे वाक्य इतकं सोपं आहे, हे मला माहीत नव्हतं.

आता लिहायला बसलो आहे. खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली, त्यामुळे वही मांडीवर घ्यावी लागते आणि अक्षर वाकडं येतं. ही मागे कपड्यांच्या घड्या घालते आहे. टेकडीवर अंधार आहे, दिवा कुठेच नाही.

साडेआठ वाजून गेले. पडदा ओढलेला नाही.